टपालाची चाळणी



पोस्टाने पत्र पाठवायचे तर आधी तिकीट विकत घ्यावे लागते. दहा हजार लोकांना जाहिरात पाठवायची झाली तर दहा हजार तिकिटे, दहा हजार पाकिटे आणि ती डकवणारी माणसे लागतात. साहजिकच पाठवणारा खर्चाचा विचार करतो. ईमेलची गोष्ट निराळी आहे. एक पत्र पाठवायला जेवढा खर्च येतो, त्याहून फारसा जास्त खर्च न करता दहा हजार पत्रे पाठवता येतात. मग बाकीचा भार कोणाच्या माथी पडतो? तो पडतो पत्रे घेणाऱ्याच्या. पत्रे उतरवून घ्यायची त्याने, साठवायची त्याने आणि नको असलेली वेगळी काढायची तीही त्यानेच.

न मागता ढिगाने येणाऱ्या अशा पत्रांना 'स्पॅम' म्हणतात. स्पॅम हे मुळात अमेरिकेतील डबाबंद मांसाचे नाव. १९७० साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील एका विनोदी प्रवेशात असे उपाहारगृह दाखवले होते की, तिथल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात स्पॅम असायचेच! नको असताना पुन्हा पुन्हा समोर येणारी वस्तू म्हणून हे नाव पुढे नको असलेल्या पत्रांना चिकटले. अशा पत्राचे पहिले प्रसिद्ध उदाहरण मात्र ३ मे १९७८ चे आहे. अमेरिकेतील एका संगणक कंपनीत काम करणाऱ्या गॅरी थर्क यांनी नव्या संगणकाची जाहिरात अर्पानेट या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना एकदम पाठवली. इंटरनेट हे याच जाळ्यातून पुढे वाढले. त्या वेळी ४०० पत्रांवरून केवढा गहजब झाला! आज एखाद्या मध्यम आकाराच्या महाविद्यालयाच्या सर्व्हरलाही तेवढी पत्रे किरकोळ वाटतील.

सर्व्हर म्हणजे इतर संगणकांची कामे करून देणारा, रात्रंदिवस चालू असणारा संगणक. पत्रे घेऊन ज्याच्या त्याच्या पेटीत टाकणारा तो मेल सर्व्हर. स्पॅम ओळखण्याचे काम त्याच्यावर सोपवले तर तो ते करतो. पण ते करता करता स्वतःच थकून गेला तर काय? हाच आपला आजचा प्रश्न आहे.

भार किती पडतो?

प्रथम थोडे अंकगणित करू. समजा, एका सर्व्हरकडे दिवसाला १,००,००० पत्रे येतात आणि प्रत्येक पत्राचा मजकूर नीट तपासायला संगणकाला २ सेकंद काम करावे लागते. म्हणजे एकूण काम झाले २,००,००० सेकंदांचे. पण एका दिवसात सेकंद असतात किती? २४ × ६० × ६० = ८६,४००. म्हणजे एकाच प्रोसेसरला आजचे काम आज पुरे करणे अशक्य आहे. उद्याची पत्रे येऊन थडकतील तेव्हा आजची अर्ध्याहून अधिक पत्रे रांगेतच असतील आणि रांग रोज वाढत जाईल.

शिवाय पत्रे दिवसभर सारख्या अंतराने येत नाहीत. ती लाटेसारखी येतात. लाट आली की सर्व्हर एकाच वेळी पुष्कळ पत्रे तपासायला घेतो. प्रत्येक तपासणीला थोडी मेमरी लागते. मेमरी संपली की संगणक तिच्यातील मजकूर तात्पुरता डिस्कवर ठेवू लागतो. डिस्क मेमरीपेक्षा कितीतरी मंद असल्यामुळे सगळेच काम रेंगाळते. अशा वेळी स्पॅमबरोबर चांगली पत्रेही अडकून पडतात.

आणखी मोठा सर्व्हर विकत घ्यावा, हा एक उपाय झाला. पण त्याआधी विचारावे असा प्रश्न दुसराच आहे : प्रत्येक पत्र इतके बारकाईने तपासण्याची गरज असते का?

घरी धान्य कसे निवडतात ते पाहा. गव्हाचे पोते आणले की कोणी थेट एकेक दाणा हातात घेऊन खडे वेचायला बसत नाही. आधी चाळणीने माती आणि बारीक कचरा काढतात. मग सुपात घेऊन पाखडतात. फोलपटे उडून जातात. शेवटी जे उरते तेवढेच ताटात पसरून डोळ्यांनी निवडतात. निवडणे हे सर्वांत अचूक काम, पण सर्वांत वेळखाऊही. म्हणून ते शेवटी आणि थोड्या धान्यावर. मेल सर्व्हरचा भार हलका करण्याचे तत्त्व नेमके हेच आहे.

दोन संगणकांचे बोलणे

चाळणी कुठे लावायची हे कळण्यासाठी पत्र एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे कसे जाते ते पाहिले पाहिजे. या देवघेवीचे नियम १९८२ साली जॉन पोस्टेल या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने लिहून काढले. त्यात पुढे भर पडली, पण गाभा आजही तोच आहे. दोन संगणक जणू दारात उभे राहून बोलतात :

घेणारा : २२० – मी तयार आहे.
पाठवणारा : हेलो – मी अमुक संगणक.
घेणारा : २५० – ठीक.
पाठवणारा : मेल फ्रॉम – पत्र या पत्त्याकडून आहे.
घेणारा : २५० – ठीक.
पाठवणारा : रिसिपियंट – पत्र या व्यक्तीसाठी आहे.
घेणारा : २५० – ठीक.
पाठवणारा : डेटा – आता मजकूर देतो.
घेणारा : ३५४ – दे, संपल्यावर एका ओळीत फक्त एक टिंब दे.
(येथे पत्राचा मजकूर येतो आणि शेवटी टिंब.)
घेणारा : २५० – पत्र ताब्यात घेतले.

या संभाषणातील आकड्यांना अर्थ आहे. २ ने सुरू होणारा आकडा म्हणजे होकार, ४ ने सुरू होणारा म्हणजे 'आत्ता नाही, नंतर ये', आणि ५ ने सुरू होणारा म्हणजे साफ नकार.

आता दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, मजकूर अगदी शेवटी येतो. त्याआधीच कोण आले आहे, कोणाच्या नावाने आले आहे आणि कोणाकडे आले आहे, हे घेणाऱ्याला कळलेले असते. दुसरी, शेवटचे '२५०' म्हटले की पत्राची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. तोवर नाही म्हणायचा त्याला पूर्ण हक्क आहे. म्हणूनच पहिला धडा असा की, नकार द्यायचाच असेल तर तो दारातच द्यावा.

दारातल्या चाळण्या

पहिली चाळणी उतावळ्यांसाठी. नियम असा की, घेणाऱ्याने '२२०' म्हणेपर्यंत पाठवणाऱ्याने गप्प बसायचे. खरा मेल सर्व्हर गप्प बसतो. पण पुष्कळसा स्पॅम ज्यांतून येतो ती यंत्रे म्हणजे विषाणुबाधित घरगुती किंवा कार्यालयीन संगणक असतात. मालकाला पत्ताही नसतो आणि दूरवरचा कोणीतरी त्यांच्याकडून पत्रे पाठवून घेत असतो. अशी यंत्रे थोड्याच संगणकांवरून नियंत्रित होतात, हे ११ नोव्हेंबर २००८ रोजी जगाला दिसले. त्या दिवशी कॅलिफोर्नियातील 'मॅकोलो' या कंपनीची इंटरनेट जोडणी तोडण्यात आली आणि जगभरातील स्पॅम पाहता पाहता निम्म्याहून खाली आला. काही महिन्यांनी तो पुन्हा वाढला, ही गोष्ट वेगळी.

अशा यंत्रावरील पत्रे पाठवणारा प्रोग्रॅम घाईत असतो. समोरच्याचे न ऐकताच तो बोलू लागतो. म्हणून 'पोस्टफिक्स' या मेल सर्व्हरच्या प्रोग्रॅममध्ये २०११ साली एक वेगळा द्वारपाल जोडण्यात आला. पोस्टफिक्स हा वित्झे व्हेनेमा या शास्त्रज्ञाने १९९८ साली जगापुढे आणलेला प्रोग्रॅम. त्याचा हा द्वारपाल नव्या पाहुण्याला सहसा ६ सेकंद ताटकळत ठेवतो. मध्येच जो बोलेल तो उघडा पडतो.

तुम्ही विचाराल, ६ सेकंद थांबायचे म्हणजे भार वाढला की कमी झाला? येथे एक बारकावा आहे. वाट पाहणे म्हणजे काम करणे नव्हे. थांबलेल्या काळात प्रोसेसर दुसरे काम करतो. एकटा छोटासा द्वारपाल एकाच वेळी शेकडो पाहुण्यांना दारात थांबवू शकतो. प्रत्येकासाठी आत वेगळी खुर्ची मांडावी लागत नाही. जे या परीक्षेत उतरतात, त्यांनाच आतल्या मोठ्या प्रोग्रॅमकडे सोडले जाते.

दुसरी चाळणी काळ्या यादीची. इंटरनेटवरील प्रत्येक संगणकाला आकडी पत्ता असतो, उदाहरणार्थ १९२.०.२.४५. स्पॅम पाठवताना आढळलेल्या पत्त्यांच्या याद्या काही संस्था ठेवतात. अशी पहिली प्रसिद्ध यादी १९९७ साली पॉल व्हिक्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालू केली. गंमत आहे ती यादीत पाहण्याच्या युक्तीत. इंटरनेटवर संगणकाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता सांगणारी एक जगव्यापी व्यवस्था आहेच, दूरध्वनीच्या पुस्तिकेसारखी. याद्यांसाठी तीच वापरली. पत्ता उलटा करायचा, म्हणजे ४५.२.०.१९२, त्यापुढे यादीचे नाव जोडायचे आणि 'या नावाचा पत्ता काय?' असे विचारायचे. १२७.०.०.२ सारखे ठरावीक उत्तर आले तर पत्ता यादीत आहे. 'असे नाव नाही' असे उत्तर आले तर नाही. प्रश्न आणि उत्तर दोन्ही इतकी लहान असतात की संपूर्ण पत्र उतरवून घेण्याच्या मानाने हा खर्च नगण्य ठरतो. शिवाय आलेले उत्तर काही काळ जवळ जपून ठेवता येते. तोच संगणक पाच मिनिटांत शंभरदा आला तरी प्रश्न एकदाच विचारावा लागतो.

तिसरी चाळणी अगदी साधी : पत्र ज्याच्या नावाने आले आहे, तो माणूस येथे आहे का? स्पॅम पाठवणारे पुष्कळदा अंदाजाने नावे रचतात. अमोल, अनिता, अशोक अशी एकामागून एक नावे घालून पाहतात. आपल्या खातेदारांची यादी सर्व्हरजवळ असतेच. त्यात नाव नसेल तर '५५०' म्हणून तिथल्या तिथे नकार द्यायचा.

काही सर्व्हर आधी सर्व पत्रे ताब्यात घेत आणि नंतर 'असा कोणी येथे राहत नाही' असे पत्र पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर परत धाडत. यात दुहेरी नुकसान. एकतर आपल्यावर दुप्पट भार. दुसरे म्हणजे स्पॅमवरील पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा खोटा, कुणा निरपराध माणसाचा असतो. त्याच्या पेटीत न पाठवलेल्या पत्रांचे नकार येऊन पडतात! आपला कचरा शेजाऱ्याच्या अंगणात टाकण्यासारखेच हे झाले.

चौथी चाळणी 'जरा वेळाने ये' म्हणणारी. ही कल्पना २००३ साली इव्हान हॅरिस यांनी मांडली. पाठवणाऱ्या संगणकाचा पत्ता, पाठवणाऱ्याचे नाव आणि घेणाऱ्याचे नाव या तिन्हींची जोडणी पूर्वी कधी आलेली नसेल, तर सर्व्हर ४ ने सुरू होणारे उत्तर देतो, म्हणजे 'आत्ता नाही'. नियम पाळणारा सर्व्हर पत्र जपून ठेवतो आणि काही मिनिटांनी पुन्हा येतो. मग त्याला प्रवेश मिळतो. स्पॅम पाठवणारी अनेक यंत्रे पुन्हा फिरकतच नसत. घेणाऱ्याला एवढे तिघांचे टिपण ठेवावे लागते. मजकुराला हातही लावावा लागत नाही.

मात्र या चाळणीची किंमत खऱ्या पाठवणाऱ्यालाही मोजावी लागते, कारण पहिले पत्र उशिरा पोहोचते. दहा मिनिटांत बाद होणारा परवलीचा आकडा ईमेलने मागवला असेल तर हा उशीर त्रासाचा होतो. शिवाय पुन्हा येऊन पाहण्याची युक्ती काही स्पॅमवाल्यांनीही आत्मसात केली. म्हणून पुष्कळ ठिकाणी ही चाळणी सरसकट न लावता संशयित पाहुण्यांपुरतीच लावतात.

शेवटची निवड

इतके होऊन जी पत्रे उरतात, त्यांचाच मजकूर उघडायचा. हे काम महाग का? पत्राचे निरनिराळे भाग सुटे करावे लागतात, सांकेतिक रूपातील मजकूर मूळ रूपात आणावा लागतो आणि मग शेकडो नियम त्यावर ताडून पाहावे लागतात. जस्टिन मेसन यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेला 'स्पॅमअसॅसिन' हा प्रोग्रॅम असेच करतो. प्रत्येक संशयास्पद खुणेला तो गुण देतो, विश्वासार्ह खुणेला गुण वजा करतो आणि बेरीज साधारणपणे ५ किंवा त्याहून अधिक झाली तर पत्राला स्पॅम ठरवतो.

याच टप्प्यावर शब्दांचे गणितही चालते. समजा, 'लॉटरी' हा शब्द १०० स्पॅम पत्रांपैकी ४० मध्ये आणि १०० चांगल्या पत्रांपैकी केवळ एका पत्रात आढळला. दोन्ही प्रकारची पत्रे सारख्याच संख्येने येत असतील, तर 'लॉटरी' असलेले नवे पत्र स्पॅम असण्याची संभाव्यता ४० भागिले ४१, म्हणजे जवळजवळ ९८ टक्के. अनेक शब्दांचा असा एकत्रित विचार करण्याचा मार्ग थॉमस बेज यांच्या सूत्रातून मिळतो. ते त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ साली प्रसिद्ध झाले. अठराव्या शतकातील गणित एकविसाव्या शतकातील टपाल निवडते आहे!

येथेही काटकसर करता येते. तेच पत्र लाखो लोकांना गेलेले असेल, तर त्याच्या मजकुरावरून एक छोटा आकडी ठसा काढून तो ओळखीच्या स्पॅमच्या ठशांशी जुळवता येतो. सारे नियम पुन्हा चालवावे लागत नाहीत. अशी ठशांची सामायिक वही विपुल वेद प्रकाश यांनी १९९८ साली 'रेझर' या नावाने चालू केली. तसेच एका वेळी किती पत्रे तपासायची यावर मर्यादा घालतात. मेमरीत मावतील तेवढीच आत, बाकीची रांगेत. रांगेतले पत्र थोडे उशिरा पोहोचते, पण सर्व्हर कोलमडत नाही.

आता मघाचा हिशेब पुन्हा मांडू. समजा, दारातल्या सर्व चाळण्यांना मिळून दर पत्रामागे ०.०१ सेकंद काम लागते आणि त्या १,००,००० पैकी ८०,००० पत्रे अडवतात. दारातले काम झाले १,००० सेकंदांचे. उरलेल्या २०,००० पत्रांच्या मजकुरासाठी ४०,००० सेकंद. एकूण ४१,०००. जे काम एका दिवसात मावत नव्हते, ते अर्ध्या दिवसाच्या आत संपले, आणि नवा संगणक न घेता!

आधी कोणती, मग कोणती?

तुम्ही म्हणाल, म्हणजे सर्वांत स्वस्त चाचणी आधी घ्यायची, एवढेच ना? नेहमीच नाही. समजा, चाचणी 'क' ला १ एकक काम लागते आणि ती १० टक्के पत्रे अडवते. चाचणी 'ख' ला ४ एकके लागतात, पण ती ८० टक्के अडवते. दोन्ही एकमेकींवर अवलंबून नाहीत असे धरा. १०० पत्रांसाठी :

आधी 'क' : १०० × १ = १००; उरलेली ९० × ४ = ३६०; एकूण ४६०.
आधी 'ख' : १०० × ४ = ४००; उरलेली २० × १ = २०; एकूण ४२०.

'ख' महाग असूनही तिचा मान पहिला! नियम असा : चाचणीच्या खर्चाला ती जेवढा भाग अडवते त्याने भागा. 'क' साठी १ ÷ ०.१ = १०, 'ख' साठी ४ ÷ ०.८ = ५. ज्या चाचणीचा भागाकार लहान, ती आधी. कारखान्यातील मालाची तपासणी असो की रोगनिदानासाठी घ्यायच्या चाचण्यांचा क्रम असो, हा हिशेब सगळीकडे उपयोगी पडतो.

चांगल्या पत्राचे काय?

इथवर आपण खर्च आणि अडवलेली पत्रे एवढेच मोजले. तिसरी एक गोष्ट मोजल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. ती म्हणजे चूक. एखाद्या विद्यार्थिनीला शिष्यवृत्ती मिळाल्याचे पत्र स्पॅम समजून नाहीसे झाले, तर सर्व्हरने वाचवलेले दोन सेकंद काय कामाचे? काळ्या यादीतला पत्ता काल एका लबाडाकडे असेल आणि आज एखाद्या शाळेकडे आलेला असेल. यंत्राला ते आपोआप कळत नाही.

म्हणून दारात कठोर नकार देणारी चाचणी केवळ स्वस्त असून भागत नाही. तिची चूक क्वचितच व्हायला हवी. ज्या खुणा नुसत्या संशयाच्या आहेत, त्यांच्यावरून नकार न देता गुण द्यावेत आणि पत्र स्पॅमच्या कप्प्यात ठेवावे. तेथे ते माणसाला सापडू शकते. दारातल्या नकाराचा आणखी एक मोठा गुण येथे दिसतो. '५५०' म्हटले की पाठवणाऱ्या सर्व्हरला कळते आणि तो आपल्या खातेदाराला सांगतो, 'तुमचे पत्र पोहोचले नाही.' मग तो माणूस दूरध्वनी करू शकतो, दुसरा मार्ग शोधू शकतो. याउलट पत्र ताब्यात घेऊन गुपचूप फेकून दिले तर पाठवणारा समजतो पोहोचले, आणि घेणारा समजतो आलेच नाही. दारातला नकार सर्व्हरलाही हलका आणि माणसालाही न्याय्य. काटकसर आणि प्रामाणिकपणा यांची अशी गाठ नेहमीच पडत नाही. येथे ती पडली आहे.

करून पाहा

१. आपल्या ईमेलमधील एखाद्या पत्राचे मूळ स्वरूप शिक्षकांच्या किंवा पालकांच्या मदतीने उघडा. त्यात 'रिसीव्हड' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी दिसतील. त्या खालून वर वाचा. पत्र कोणत्या सर्व्हरांतून आले आणि प्रत्येक टप्प्यावर किती वेळ गेला, ते काढा. दोन टप्प्यांत काही मिनिटांचे अंतर दिसले, तर त्याची कोणती कारणे असू शकतील?

२. तीन चाचण्या आहेत. पहिलीला १ एकक काम लागते, ती १० टक्के पत्रे अडवते. दुसरीला २ एकके, ती ४० टक्के अडवते. तिसरीला ९ एकके, ती ६० टक्के अडवते. १०० पत्रांसाठी सर्वांत कमी काम कोणत्या क्रमाने होईल? सहाही क्रमांचे हिशेब करून वरचा नियम पडताळून पाहा.

(उत्तर : दुसरी, पहिली, तिसरी, एकूण ७४६ एकके.)